विझलेल्या दिव्याची दखल

आज नाताळ. वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी आज दिव्यांनी नटलेले झाड उभे असेल. शेजाऱ्याच्या सणाकडे आदराने पाहावे आणि त्यात आपल्या घराला उपयोगी असा काही बोध असेल तर तो नम्रपणे घ्यावा, ही वृत्ती संतांनीच आपल्याला दिली आहे.

या झाडावर पूर्वी, विशेषतः जर्मनीत, खऱ्या मेणबत्त्या लावीत. फांदीने पेट घेतलाच तर हाताशी असावी म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवीत. १८८२ साली एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे झाडावर लावले. ज्योतीची भीती गेली. परंतु पुढे घरोघर आलेल्या माळांनी निराळीच अडचण उभी केली. सारे दिवे एकाच तारेत ओवलेले; एकाचा तंतू तुटला की संपूर्ण झाड काळोखात! मग दोषी दिवा सापडेपर्यंत एकेक दिवा काढून त्या जागी चांगला दिवा लावून पाहायचा.

यावर तोड निघाली. दिव्याच्या पोटात तंतूखाली एक बारीक तार बसविण्यात आली. तंतू तुटला तरी तिच्यातून प्रवाह पुढे जातो व बाकीचे दिवे तेवत राहतात. मात्र विझलेल्याच्या वाट्याचा विजेचा दाब उरलेल्यांवर वाटला जातो. ते किंचित अधिक उजळतात, अधिक तापतात आणि लवकर जळून जातात. म्हणूनच अशा माळेतील विझलेला दिवा, प्रवाह बंद करून, त्याच मापाच्या दिव्याने वेळीच बदलावा लागतो.

आपल्या कुटुंबांत याहून वेगळे काय घडते? एक जण आजाराने, अपयशाने वा अबोल्याने खचतो. घर थांबत नाही. त्याच्या वाट्याचा भार कोठे सून, कोठे थोरला मुलगा, कोठे म्हातारी आई मुकाट्याने उचलते. आपण त्यांच्या कर्तबगारीचे कौतुक करतो. ते तेज झिजण्याचे आहे, हे मात्र ध्यानी येत नाही.

दृष्टांत येथेच संपतो. काचेचा दिवा टाकून नवा लावता येतो. माणूस असा बदलता येत नाही. येथे आपल्या देवघरातील समईलाच गुरू करावे. ज्योत मंदावली म्हणून समई कोणी टाकून देत नाही. काजळी झाडतात, वात पुढे सारतात, तेल घालतात.

आज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावताना घरात कोण विझू लागले आहे आणि त्याच्यासाठी कोण जळत आहे, हे दोन्ही पाहावे. पहिल्याजवळ घटकाभर बसावे. दुसऱ्याच्या हातातले काम आपण घ्यावे. एवढे घडले तर शेजारच्या झाडाचा उजेड आपल्याही घरात पोहोचला, असे म्हणता येईल.