शिवा काशीदांना किती गुण?

गॅदरिंगच्या आधी आमच्या हॉस्टेलवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची स्पर्धा झाली. 1974 साली अमेरिकेत आलेला हा खेळ. प्रत्येकीने एक पात्र घ्यायचं, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची, अडलं की फासा टाकायचा. मी गेम मास्टर, म्हणजे सूत्रधारही मीच आणि पंचही मीच.

शेवटच्या फेरीत माझी रूममेट म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी पूल अडवते." बाकीच्या तिघी सुटल्या, हिचं पात्र मेलं. आमचा नियम असा, की मारलेल्या शत्रूंचे गुण मिळतात, पण पात्र मेलं तर सगळे जातात. मी शून्य दिलं आणि त्या शून्यानं तिची टीम हरली. ती भांडली नाही. फक्त दोन दिवस मेसमध्ये माझ्याशेजारी बसली नाही.

त्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. मी कॉन्व्हेंटची. बाजीप्रभू माहीत होते, पण शिवा काशीदांची समाधी पहिल्यांदाच नीट पाहिली. जुलै 1660, सिद्दी जौहरचा वेढा. महाराजांच्या वेषात पालखीत बसून ते शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. त्यामुळे महाराजांना वेळ मिळाला. पुढे बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली आणि महाराज विशाळगडावर पोचले.

तिथं उभं राहून मनात हिशोब केला. लढून मेलेल्या बाजीप्रभूंचे गुण आमच्या नियमात वजा झाले असते. शिवा काशीदांच्या नावावर तर सुरुवातीपासूनच भोपळा!

मग मरणाला बोनस द्यायचा का? मला नाही वाटत. उद्या जो तो पहिल्याच फेरीत हुतात्मा व्हायला निघेल. गुणांसाठी केला तो त्याग कसला?

माझं मत असं: गुण पात्राला नकोत, टीमच्या कामगिरीला द्या. थांबणाऱ्यानं फासा टाकायच्या आधीच जाहीर करावं, की मी परत येणार नाही. मग ते पात्र कुठल्याही जादूनं उठणार नाही. त्या बदल्यात साथीदारांना एक फेरी नक्की मिळावी. त्यापुढे किती वेळ टिकायचं, ते फासा ठरवेल. नाहीतर एका वाईट फाशानं एवढ्या मोठ्या निर्णयाचा पोरखेळ होतो.

लागलेला निकाल आता बदलता येत नाही, पण नियम बदलता येतो. नवा नियम कॉमन रूमच्या नोटीस बोर्डवर लावलाय. पुढच्या वर्षी गेम मास्टर माझी रूममेट. मी पुलावर थांबेन म्हणते!