हाडांतील उचल

महागावच्या बाजारपेठेत ऊन मुबलक असते; मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याच्या अंगाला ते क्वचितच लागते. त्यामुळे ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडते, दूध, तीळ, नाचणी यांतील कॅल्शियम आतड्यात नीट शोषले जात नाही आणि रक्तातील पातळी घसरू लागते.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील अंश अत्यल्प. परंतु हृदय व स्नायू त्यावरच चालतात. म्हणून मानेतील तांदळाएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी ८४ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड, जणू निरोप्याच, रक्तात सोडतात. तो मूत्रपिंडाकडून कॅल्शियम राखवितो आणि हाडांतून उचल करवितो. अशी उचल नित्याची झाली की भांडवल खचते, हे व्यापारी घराला वेगळे सांगावयास नको.

नवल असे की, हाच निरोप अखंड मिळाला तर हाड झिजते. दिवसातून एकदा, थोडाच वेळ मिळाला तर हाड घडविणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्याचे पहिले ३४ दुवे घेऊन केलेले टेरिपॅराटाइड अमेरिकेत २००२ साली मान्य झाले. हे औषध रोज टोचून घ्यावे लागते, तेही अस्थिभंगाचा धोका मोठा असणाऱ्यांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. इतरांनी आधी ‘ड’ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी.