आठवड्याला एक सामना

लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर संघाचा बचावपटू लेडली किंग याच्या गुडघ्यातील कूर्चा झिजून गेली होती. हाडावर हाड घासे. सामना झाला की गुडघा सुजे. सहकारी मैदानावर सराव करीत असता तो तरणतलावात किंवा व्यायामशाळेत एकटाच असे. आठवडाभर चेंडूला क्वचितच स्पर्श आणि सामन्याच्या दिवशी थेट इंग्लंडमधील नामांकित आक्रमकांशी गाठ! चेंडूमागे धावण्यापेक्षा तो कोठे येणार हे आधी ओळखून तेथे उभे राहणे, ही त्याची रीत. शरीर साथ देईना, तेव्हा तीच कामी आली. २००८ साली चेल्सीला २-१ असे नमवून संघाने लीग चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. २०१० च्या विश्वचषकात मात्र अमेरिकेविरुद्ध तो मध्यंतरापर्यंतच टिकला. जांघेचा स्नायू दुखावला. जुलै २०१२ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याने निवृत्ती पत्करली. अनेक बचावपटूंचा खेळ याच वयात परिपक्व होतो. इंग्लंडकडून तो अवघे २१ सामने खेळला. त्याच्या योग्यतेच्या मानाने ही संख्या फारच तोकडी. क्लब मात्र त्याने कधीच बदलला नाही.