विश्लेषण : संघ हरतोय, मग प्रशिक्षक बदलायचा का?

महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, की स्टाफरूमपासून बदलापूर लोकलपर्यंत एकच सूर ऐकू येतो : ‘सर बदला.’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या एखाद्या क्रीडा समितीपुढे हा विषय आलाच, तर आधी मुंबई क्रिकेटचा अनुभव पाहावा.

मुंबईने काय केले?

चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात गुजरातकडून हार झाली आणि २०१७ मध्ये पंडित यांच्या जागी समीर दिघे आले. पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक उचलला. मुंबई मात्र २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये बाद फेरीही गाठू शकली नाही. २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईला हरवणाऱ्या मध्य प्रदेशचे प्रशिक्षकही पंडितच. उपविजेतेपदाला अपयश समजले, की असे होते.

म्हणजे बदल नेहमी चुकतो?

तसे नाही. त्या २०२२ च्या सामन्यात मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. पुढच्या मोसमात मुंबई बाद फेरीआधीच थांबली, ओंकार साळवी आले आणि मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला नमवून मुंबईने ४२ वे विजेतेपद मिळवले.

पण मुझुमदार यांची गोष्ट तिथे संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४ चा टी-२० विश्वचषक साखळीतच संपला. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून ओळीने तीन पराभव झाले. इंग्लंडविरुद्ध तर अवघ्या चार धावांनी. त्या सामन्यात सहावा गोलंदाज खेळवण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर ठेवले होते. पुढच्याच सामन्यात ती परतली, तीही तिसऱ्या क्रमांकावर, आणि उपांत्य फेरीत तिच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियाचे ३३९ चे लक्ष्य गाठून दिले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारत विश्वविजेता झाला. प्रशिक्षक तोच होता, चुकलेला निर्णय मात्र चार दिवसांत फिरवला गेला. माझ्या मते हाच खरा निकष : हरल्यावर सर काही बदलतात का?

महाविद्यालयाने काय पाहावे?

रणजी संघाची तुलना महाविद्यालयाशी तंतोतंत जुळत नाही. इथे दर तीन-चार वर्षांनी अख्खा संघच पदवी घेऊन निघून जातो. उंच, अनुभवी मुले एकाच वर्षी बाहेर पडली असतील तर त्यानंतरचा पराभव प्रशिक्षकाच्या खात्यावर कसा टाकणार? कोर्ट उघड्यावर असेल तर पावसाळ्यात सराव बुडतो, तोही हिशेबात धरायला हवा. याउलट सर सरावालाच येत नसतील, मुलांना घालूनपाडून बोलत असतील किंवा दुखापत असताना खेळवत असतील, तर संघ जिंकत असला तरी त्यांना थांबवावे. तिथे गुणतक्ता पाहायचे कारण नाही.

बदलायचेच ठरले, तर निर्णय मे महिन्यात घ्यावा. नव्या प्रवेशांनंतर निवड चाचण्या होतात तेव्हा नवे सर मैदानावर हवेत. नाहीतर दुसऱ्याने निवडलेला संघ त्यांच्या गळ्यात पडतो आणि वर्षभराने समितीची तीच बैठक पुन्हा भरते.