पातळ लॅपटॉप, जाड बिल

शुक्रवारी जेवणानंतर टपरीवर चहा पिताना आमच्या ग्रूपमध्ये कडाक्याचं भांडण झालं. विषय: लॅपटॉपला कोणकोणते पोर्ट हवेत. (आयटीवाल्यांना भांडायला असलेच विषय लागतात. पगारवाढीवर भांडून काही होत नाही हे एव्हाना कळलेलं असतं.) एक जण म्हणाला, यूएसबी-सी पुरे, बाकी सगळं भंगारात. दुसरा एचडीएमआयसाठी जीव द्यायला तयार. तिसरा नेटवर्किंगवाला, तो अजून लॅन पोर्टचं सुतक पाळतोय.

एरवी या भांडणात मी सगळ्यात मोठ्याने ओरडतो. या वेळी गप्प बसलो, कारण गेले दोन आठवडे एका पोर्टनेच माझं डोकं खाल्लं होतं. आणि माझ्या लक्षात आलं की आपण सगळेच चुकीच्या प्रश्नावर भांडतोय.

झालं असं. माझी धाकटी बहीण सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रात्री साडेअकराला तिचा फोन. "दादा, लॅपटॉप चार्ज होत नाहीये. वायर जरा वर धरली की होतो, सोडली की बंद." मी नेहमीप्रमाणे शहाणपणा केला, चार्जर बदलून बघ, पोर्टमध्ये धूळ असेल, वगैरे. दोन दिवसांनी वायर वर धरूनही काही होईना. प्रोजेक्टचं सबमिशन नऊ दिवसांवर. लॅपटॉप ५८ हजारांचा, त्यातले निम्मे पैसे आईच्या भिशीचे. वय चौदा महिने. वॉरंटी बारा महिन्यांची. (या दोन आकड्यांचं नातं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.)

ती लॅपटॉप घेऊन पुण्याला आली. आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन घेतलं, दीड तास बसलो, आणि काउंटरवरच्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, "सर, मदरबोर्ड चेंज करावा लागेल. ४१ हजार प्लस जीएसटी."

मी म्हटलं, अहो, फक्त चार्जिंगचा पोर्ट हलतोय.

"हो सर, पण तो मदरबोर्डवरच असतो ना."

हे वाक्य त्याने इतक्या सहज म्हटलं की मला क्षणभर मीच काहीतरी मूर्खासारखं विचारतोय असं वाटलं. पण विचार करा. लॅपटॉपमधली सगळ्यात जास्त वापरली जाणारी यांत्रिक गोष्ट कोणती? कीबोर्ड आणि बिजागरी सोडली तर चार्जिंगचा पोर्ट. रोज चार वेळा घाल-काढ, कधी पलंगावर वाकडी वायर, कधी कोणाचा तरी पाय अडकलेला. तर ही झिजणारी, हमखास तुटणारी वस्तू त्यांनी मशीनमधल्या सगळ्यात महाग भागावर कायमची डकवून टाकली. स्कूटरचा क्लच वायर तुटला तर इंजिन बदला म्हणणारा मेकॅनिक असता तर आपण त्याच्याकडे दुसऱ्यांदा गेलो असतो का?

पुढची गोष्ट थोडक्यात. एसएसडी सुटी होती म्हणून ती काढून माझ्या मशीनला बाहेरून जोडली आणि प्रोजेक्ट वाचवला (बिटलॉकरची की शोधण्यात तास गेला ते वेगळंच). मग लॅपटॉप घेऊन तपकीर गल्लीत गेलो. तिथे एका जिन्याखालच्या दुकानात मायक्रोस्कोप लावून बसलेल्या काकांनी पोर्ट बघितला, मान हलवली, आणि म्हणाले, "संध्याकाळी या. बावीसशे होतील." हॉट एअरने जुना पोर्ट उचलला, चोवीस पिनांचा नवा बसवला. लॅपटॉप आजही व्यवस्थित चालू आहे.

४१ हजार आणि २२००. बहिणीने रिक्षात एकच प्रश्न विचारला, "आपल्याला तपकीर गल्ली माहीत नसती तर?" तिच्या होस्टेलमधल्या बहुतेक मुलींना माहीत नाही.

जुन्या दिवसांचे गोडवे गायचा मला कंटाळा येतो, पण एक सांगतो. माझ्या कॉलेजच्या लॅपटॉपला गोल पिनचा चार्जर होता. त्याचा जॅक एका छोट्या वायरच्या तुकड्यावर असायचा आणि ती वायर मदरबोर्डला नुसती खोचलेली. जॅक गेला तेव्हा मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाऊण तासात बदलला होता. खर्च साडेतीनशे. आपण पुढे आलो की मागे गेलो, तुम्हीच ठरवा.

आता आमचा यूएसबी-सी भक्त मित्र म्हणेल, सी पोर्ट उलट जास्त टिकाऊ आहे. अर्धं खरं आहे. यूएसबीचा जुना चौकोनी ए पोर्ट किमान १,५०० वेळा घाल-काढ सोसेल असं प्रमाण धरलेलं, सी साठी तोच आकडा १०,००० आहे. रोज चार वेळा धरलं तरी जवळजवळ सात वर्षं. शिवाय २०१४ मध्ये सी ठरवताना झिजणारे स्प्रिंग मुद्दाम वायरीच्या टोकात ठेवले, म्हणजे झिजली तर स्वस्तातली वायर झिजावी. हुशार माणसं होती, दाद द्यायला हवी. पण हा आकडा सरळ घालणे आणि सरळ काढणे याचा आहे. पलंगावर लोळून सिनेमा बघताना वायरीवर जो तिरका भार येतो तो तरफेसारखा थेट सोल्डरच्या टाक्यांवर जातो. टाके मदरबोर्डचे. आणि मदरबोर्डचं बिल आपलं.

बरं, पूर्वी चार्जिंगचा पोर्ट फक्त चार्जिंग करायचा. आता तोच पोर्ट चार्जिंग, मॉनिटर, हार्ड डिस्क, डॉक सगळ्याला. जितकं जास्त काम तितकी जास्त घाल-काढ. युरोपियन युनियनने तर २०२२ मध्ये कायदाच केला. मोबाइल, टॅबलेट वगैरेंना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ पासून सी पोर्टमधून चार्जिंग सक्तीचं. मी या कायद्याच्या बाजूचाच आहे, घरातल्या ड्रॉवरमध्ये सात चार्जरचा गुंता आहे माझ्या. पण पोर्ट कोणता हे कायद्याने ठरलं असेल तर तो बदलता येईल असाच हवा, हा हट्ट मग दुप्पट जोरात धरायला नको का?

हे सगळं कशासाठी झालं? पातळपणासाठी. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला तेव्हापासून हे खूळ सुरू आहे. त्याला एकच यूएसबी पोर्ट होता, लॅन नाही, सीडी ड्राइव्ह नाही. २०१५ च्या बारा इंची मॅकबुकमध्ये एक सी पोर्ट आणि एक हेडफोन जॅक, संपलं. चार्जिंग लावलंत तर पेन ड्राइव्ह विसरा. २०१६ मध्ये मॅकबुक प्रो मधून एचडीएमआय, एसडी कार्ड, जुना यूएसबी आणि ते सुंदर चुंबकाचं चार्जर, सगळं गेलं. विंडोजवाल्या कंपन्यांनी आधी टिंगल केली आणि मग मुकाट नक्कल केली.

गेलेले पोर्ट गेले कुठे? तुमच्या बॅगेत. डोंगल म्हणून. माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात या क्षणी एक सी-टू-एचडीएमआय, एक लॅनचा अडॅप्टर आणि एक हब आहे, आणि यातलं एक तरी क्लायंट मीटिंगच्या दिवशी घरी राहिलेलं असतं. लॅपटॉप कंपनीच्या जाहिरातीत दोनशे ग्रॅमने हलका झाला आणि माझ्या खांद्यावर तेवढाच जड राहिला. फरक एवढाच की आधी ते पोर्ट किमतीत यायचे, आता वेगळे विकत घ्यायचे.

"लोकांनाच पातळ हवंय" हा युक्तिवाद नेहमीचा. मग ऑक्टोबर २०२१ चं काय? ऍपलने नवा मॅकबुक प्रो काढला. त्यात एचडीएमआय परत, एसडी कार्ड परत, चुंबकाचं चार्जरही परत. लोक रडले का, जाड झाला म्हणून? उलट टाळ्या वाजल्या. पाच वर्षं ज्याला "भविष्य" म्हणून विकलं ते त्यांनीच गुपचूप मागे घेतलं.

मी जुन्या पोर्टचा भक्त नाही हे स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी फ्लॉपी काढेलच. व्हीजीए १९८७ चा. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो वगैरेंनी जाहीर केलं की तो आता टप्प्याटप्प्याने बंद. ठीक केलं. पाच वर्षं आधी सांगितलं, आणि एचडीएमआय तोवर बहुतेक लॅपटॉपवर आलेला होता. पोर्ट असा मारावा. आमच्या नेटवर्किंगवाल्या मित्राला लॅन पोर्ट ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर हवा आहे, तोही मला पटत नाही. त्याने त्याचा अडॅप्टर बाळगावा, आपण बुवा वायफायवर खूश.

पण "सगळ्याला एकच सी" हेही अजून खोटंच आहे. भोक सारखं, आत काय आहे ते देव जाणे. एखादा सी पोर्ट ४८० मेगाबिट्सचा, २००० सालच्या यूएसबी २ च्या वेगाचा, शेजारचा ४० गिगाबिट्सचा. एकातून चार्ज होतं, दुसऱ्यातून नाही. एकाला मॉनिटर चालतो, दुसऱ्याला लावला की काळा पडदा. आणि नावं? २००८ ला जे यूएसबी ३.० होतं तेच पुढे ३.१ जेन १ झालं आणि नंतर ३.२ जेन १. वेग तोच, ५ गिगाबिट्स! बारशी तीन, बाळ एकच. २०२२ मध्ये त्यांना अक्कल आली आणि सरळ वेग छापा असं ठरलं. पण दुकानातले लॅपटॉप उलटून बघा, किती जणांच्या पोर्टशेजारी आकडा आहे? बहिणीच्या मशीनला सी पोर्ट दोन होते, चार्जिंग फक्त एकातून. दुसऱ्यातूनही होत असतं तर तिचं सबमिशन निवांत झालं असतं आणि हा लेखही लिहावा लागला नसता.

सुटा पोर्ट बनवणं अवघड आहे, असं एका हार्डवेअरवाल्या मित्राने मला ऐकवलं. ४० गिगाबिट्सचा सिग्नल आणखी एका जोडातून नेला की तो बिघडू शकतो, वगैरे. मान्य, अवघड आहे. पण ज्या ऍपलला आपण डोंगलवरून शिव्या घालतो, त्यांच्याच मॅकबुकमध्ये सी पोर्ट छोट्या वेगळ्या बोर्डावर असतात, तुटला तर तेवढाच बदलतो. (रॅम आणि एसएसडी मात्र तिथे पक्की डकवलेली, त्यामुळे आरती ओवाळायची गरज नाही.) फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ मध्ये काढलेल्या लॅपटॉपमध्ये पोर्टच मुळी सरकवून बसवायच्या कार्डांवर आहेत. एचडीएमआय हवा तर ते कार्ड, नको तर काढून दुसरं. रोजची झीज त्या कार्डाची. आणि डेलने जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसवाल्या प्रो लॅपटॉपमध्ये स्क्रूने बसवलेला सी पोर्ट दाखवला, सोल्डर न केलेला. म्हणजे जमतं. महागड्या आणि कंपन्यांना घाऊक विकायच्या मशीनमध्ये जमतं. भिशीच्या पैशातून घेतलेल्या ५८ हजारांच्या मशीनमध्ये जमत नाही, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज आहे! आयटी कंपनीचा लॅपटॉप बिघडला तर आपण तिकीट टाकतो आणि दुसरा घेतो. सांगलीची मुलगी कुठे तिकीट टाकणार?

सरकारकडून? फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापावे लागतात, दहापैकी किती. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाच्या समितीने मे २०२५ मध्ये असाच निर्देशांक सुचवला, पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. लॅपटॉपने काय पाप केलंय कळत नाही.

असो. तोवर नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक करा. पोर्ट मोजत बसू नका (तरी दोन्ही बाजूंना एकेक चार्ज होणारा सी, एक जुना यूएसबी, एक एचडीएमआय आणि हेडफोन जॅक, यापेक्षा कमी असेल तर मी घेणार नाही). डेल, एचपी, लेनोवो यांच्या साइटवर बऱ्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल फुकट उतरवता येतं. पैसे देण्याआधी ते उघडा आणि सुट्या भागांच्या यादीत चार्जिंगचा पोर्ट किंवा आय/ओ बोर्ड वेगळा दिसतो का बघा. फक्त "सिस्टम बोर्ड" एवढंच असेल तर दुसरं मॉडेल शोधा. मी हे काल मॉलमधल्या दुकानात विचारून पाहिलं. सेल्समन आधी माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "सर, याच्यात बॅकलिट कीबोर्ड आहे."