बोलका देह, अबोल नायक

अकोल्याच्या एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, मूकपटांच्या काळीं पाश्चात्यांकडे डग्लस फेअरबँक्स होता, तसा तलवारबहाद्दर नट आपल्याकडे कोणी झाला काय? झाला, आणि तो मराठी होता. मास्टर विठ्ठल हें त्याचें नांव. परंतु त्याच्या पराक्रमापेक्षां त्याच्या भाग्याची उलटापालट आम्हांस अधिक विचारार्ह वाटते.

विठ्ठल यांचा जन्म १९०६ सालचा. बालपणींच ते नाटकमंडळींत शिरले. पुढें कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत चित्रपटाच्या फिती जोडण्याचें काम त्यांनीं पत्करलें. 'कल्याण खजिना' या मूकपटांत ते पडद्यावर आले, तेही नर्तकीच्या वेषांत! पुढें मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या 'रतन मंजरी'त (१९२६) त्यांस नायकाची भूमिका मिळाली, आणि मग साहसपटांत त्यांची बरोबरी करणारा विरळाच. लोक त्यांस हिंदुस्थानचा फेअरबँक्स म्हणूं लागले.

भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. मूकपटांत वाचिकाचें दार बंद. सारा भार अंगावर. वऱ्हाडच्या माणसास हें समजावून सांगावयास नको. ज्या अमरावतींत १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें आणि ज्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं थेट बर्लिनला जाऊन देशी व्यायामाचे प्रयोग दाखविले, तेथें कमावलेलें शरीर कसें बोलतें, हें पोरेंही जाणतात.

परंतु १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलमआरा' झळकला आणि पडदा बोलूं लागला. अर्देशीर इराणी यांनीं या पहिल्या बोलपटाचें नायकपद विठ्ठल यांसच दिलें होतें. त्यासाठीं त्यांनीं शारदेचा करार सोडला. वाद न्यायालयांत गेला, तोही त्यांनीं जिंकला. मात्र हिंदुस्थानी भाषेवर त्यांची जीभ वळेना. अखेर त्यांची भूमिका बरीचशी अबोल ठेवावी लागली. पहिल्या बोलपटाचा नायकच मुका! दैवाचा याहून मार्मिक विनोद कोणता?

त्यांनीं मात्र हाय खाल्ली नाहीं. १९३३ सालीं 'आवारा शहजादा'चें दिग्दर्शन केलें. त्यांत शाहू मोडकांनीं दुहेरी भूमिका वठविली. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) या मराठी बोलपटांतही ते होते. पुढें भूमिका लहान होत गेल्या, तरी काम सुटलें नाहीं. १९६९ सालीं त्यांचें निधन झालें. ज्या मूकपटांनीं त्यांस कीर्ति दिली, त्यांतील बहुतेक आज नष्ट झाले आहेत. 'आलमआरा'चीही प्रत उपलब्ध नाहीं.

आमच्या मतें या चरित्राचा बोध नाटकसिनेमापुरता नाहीं. प्रत्येक घरांत काळानें मागें टाकलेलें कसब बाळगणारें कोणी तरी असतें. झरझर मोडी वाचणारे आजोबा, तोंडी हिशेब करणारे काका, घटका मोजून औषधाचा काढा उतरविणाऱ्या आजी. त्यांची विद्या खोटी ठरलेली नसते; तिचें गिऱ्हाईक तेवढें निघून गेलेलें असतें. चित्रपटाची फीत हरवली म्हणजे पुन्हां मिळत नाहीं. माणसाची तर प्रतच एक असते. म्हणून वाचकहो, आजच जेवणाच्या पंगतींत वडील मंडळींस एवढेंच विचारा कीं, "आपणांस काय येत होतें, जें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं?" आणि उत्तर येईल तें लिहून ठेवा.