‘कुणी?’ हा शब्द गाळू नका

विसरवाडीच्या बैठकीत बाया एकेक करून बोलल्या. ‘नवऱ्यानं मारलं.’ ‘भावानं हिस्सा दिला नाही.’ रात्री मी इंग्रजी अहवाल लिहिला : ‘वुई वेअर बीटन, वुई वेअर डिनाइड लँड.’ व्याकरण बरोबर. पण नवरा आणि भाऊ दोघेही वाक्यातून सुटले!

‘वुई’ वाक्याच्या सुरुवातीला बसतो, म्हणून वाटतं की आम्हीच पुढे आहोत. प्रत्यक्षात आम्ही फक्त सोसतो. करणाऱ्याला ‘बाय’ लावून शेवटी आणता येतं, पण आणलंच पाहिजे अशी सक्ती नाही. आपल्या बोलण्यात मात्र ‘नं’ लावून का होईना, मारणारा समोर उभा राहतो.

दुसरं वाक्य : ‘वुई वेअर गिव्हन पट्टाज.’ कुणी दान दिलं? २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य करतो; विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करा, असं सांगतो. दावे आम्ही भरले, पुरावे आम्ही जमवले, ग्रामसभेत आम्ही बसलो. ती क्रियापदं कुठे गेली?

नाव उघड झाल्यानं बाईला धोका असेल, तर नाव जरूर झाका. पण ‘नवरा’ हा शब्द झाकू नका.

मैत्रिणींनो, ‘आमच्यावर अन्याय केला गेला’ असं मराठीतही आपण लिहू लागलो आहोत. प्रत्येक वेळी विचारा : कुणी केला? आणि लढलं कोण, तेही लिहा.